गोधडी, गुंडी आणि फ्रीजचं कुलूप

बारा वर्षं काचेच्या बाटल्या धुतल्या की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. बाटलीच्या तळाला पांढरा थर धरतो ना, ब्रश घातला तरी निघत नाही, तसे. दमून घरी यायचो, भिंतीला पाठ टेकायचो. बायको विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचो, "काय न्हाई." आणि जेवताना बोलायला लागायचो, ते आमटी गार होईपर्यंत!

आता गुडघे बोलतात आणि मी गप्प बसतो. शाळेचं नि माझं कधी जमलं नाही, म्हणून मी सांगतो आणि नात लिहिते. माझं 'हाय' ती 'आहे' करून टाकते. करू दे. तिचं जमलंय शाळेशी.

तर आमची लॅब पुण्याजवळ, नेरे गावाच्या पुढं, टेकाडावर. खाली तेव्हा भातखाचरं होती. मागनं तिथं काचेच्या कंपन्या उगवल्या. लॅबमध्ये सर्दी-तापाच्या, म्हणजे फ्लूच्या विषाणूचा अभ्यास चालायचा. सगळ्यांच्या वर सर. मशीन चालवायला शेलार; माणूस चांगला, जीभ तिखट. आणि मी तात्या. बाटल्या धुवायच्या, कोंबड्या नि गिनीपिग सांभाळायचे, त्यांचं रक्त काढून द्यायचं.

\* \* \*

मी लागलो अठ्ठ्याण्णव साली. सरांनी विचारलं, "शिक्षण?"

"न्हाई."

"मग काय येतं?"

"कोंबड्या येतात."

सर हसले नाहीत. म्हणाले, "उद्यापासून या. एम.एस्सी. झालेले पुष्कळ येऊन गेले, कोंबडी धरता एकालाही येत नव्हती!"

दुसऱ्या दिवशी शेलारनं एक पांढरा फ्रीज दाखवला, माझ्या उंचीचा. त्याला सुतारानं कडी-कोयंडा बसवलेला आणि त्यात गंजलेलं कुलूप. "तात्या, ह्याला हात लावायचा नाही. ह्यात विषाणू आहेत." उघडून दाखवला तर आत बारीक नळ्या आणि थंडगार वाफ.

"कुटं हायेत?"

"दिसत नाहीत."

"दिसत न्हाई त्याला कुलूप कशाला?"

शेलार हळूच म्हणाला, "कुलूप तरी कुठं आहे? किल्ली हरवलीय. नुसतं अडकवून ठेवलंय."

पुढं ते कुलूपही गंजून तुटलं, मग शेलारनं कोयंड्याला बँडेजची पट्टी बांधली. दर एप्रिलात तो नव्या कुलपासाठी फॉर्म भरून वर पाठवायचा. वरनं उत्तर यायचं, 'कार्यवाही चालू आहे.'

फ्लूचा विषाणू दर वर्षी बदलायचा. ते उत्तर कधी बदललं नाही!

\* \* \*

विषाणू वाढवायला अंडी लागतात. उबवायला ठेवलेली, आत जीव धरलेली. रोज अंधाऱ्या खोलीत दिव्यापुढं एकेक अंडं धरून मी बघायचो. जिवंत अंड्यात लाल शिरांचं झाड दिसतं, मेलेल्यात नुसता पिवळा उजेड. शंभर अंडी बघितली की डोळ्यांपुढं दिवसभर झाडंच झाडं!

काम झालं की ती अंडी मोठ्या कुकरात शिजवायची आणि खड्ड्यात पुरायची. एकही बाहेर न्यायचं नाही, हा नियम. बायको आळीत सांगायची, "ह्यांच्या हाताखालनं रोज शंभर अंडी जातात, आन घरात पोळीवर घालायला एक न्हाई!"

शेजारचा सखाराम तर पाठच सोडेना. "तात्या, चार अंडी आना की."

म्हटलं, "बाबा, त्या अंड्यांना ताप हाय."

"मग उकडतो की! ताप उतरंल."

\* \* \*

आमच्या लॅबमध्ये दोन शब्द सारखे ऐकू यायचे, गोधडी आणि गुंडी. ते माझे.

प्लास्टिकची एक पाटी असते, तिला शहाण्णव खळगे, पणतीहून लहान. खळग्यात विषाणूचं पाणी घालायचं, पुढच्या प्रत्येक खळग्यात निम्मं पातळ करत, वर कोंबडीच्या रक्ताचं पातळ पाणी, आणि अर्धा तास हात लावायचा नाही. विषाणूच्या अंगावर काटे असतात. त्या काट्यांनी तो रक्ताचे कण धरतो आणि एकमेकांत गुंतवतो. मग कण खाली बसत नाहीत, खळगाभर पसरून राहतात. विषाणू नसला, किंवा त्याला धरता येत नसलं, तर कण घरंगळून तळाशी जमतात आणि मधोमध लाल ठिपका पडतो.

याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मी पहिल्यांदा बघितलं नि म्हटलं, "ही गोधडी, आन ही गुंडी." झालं! महिनाभरात शेलार तेच बोलायला लागला, वर्षभरात सर.

एकदा दिल्लीहून तपासणीला पाहुणे आले. सर इंग्रजीत फाडफाड बोलत होते आणि बोलता बोलता म्हणून गेले, "सिक्स्थ वेलपर्यंत गोधडी!" वेल म्हणजे खळगा. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं.

महिन्यानं पत्र आलं, 'कृपया गोधडी पद्धतीचा मूळ संदर्भ पाठवावा.'

सरांनी पत्र माझ्यापुढं धरलं. "घ्या तात्या. द्या संदर्भ!"

म्हटलं, "बायकोनं शिवलीय, साहेब. धाडू का?"

\* \* \*

दोन हजार दोन साली सुलभा मॅडम आल्या. लातूरकडच्या खेड्यातल्या, अंगानं बारीक, बोलायला कमी. त्यांना पीएचडी करायची होती. मुदत पाच वर्षं.

तिच्या वडलांचं, आप्पांचं, दर महिन्याला कार्ड यायचं. खुशाली दोन ओळी आणि खाली एकच प्रश्न, 'झाले का?' नसायचं झालेलं. ती कार्ड ड्रॉवरमध्ये टाकायची आणि हातमोजे घालायची.

एकदा म्हणाली, "तात्या, आप्पांनी शब्द दिलाय. पाच वर्षं घरात कुणी लग्नाचं काढणार नाही. पण पाच वर्षं संपली की ते रिकामी ट्रंक घेऊन मला न्यायला येणार. झालं असो नसो."

"आन झालं तर?"

"सर म्हणतात, झालं तर इथंच ठेवून घेऊ. मला इथंच राहायचंय, तात्या. पण आधी व्हायला तर पाहिजे!"

तेव्हापासून लॅबमध्ये म्हणच पडली. प्रयोग बिघडला की शेलार उसासा टाकायचा, "ट्रंक एक पाऊल पुढं आली!"

तिचा विषय मला कळला तो दसऱ्यानंतरच्या दिवसांत. टेकाडावरचं गवत वाळलेलं, कामावर येईस्तवर धोतर कुसळांनी भरून जायचं. मी पायरीवर बसून एकेक उपटत होतो. ती शेजारी बसून बघत राहिली.

"तात्या, माझा विषाणू असाच आहे. ह्या कुसळाचं टोक म्हणजे त्याचा काटा. आधी पेशीला धरायचं, मग आत शिरायचं, मग आत वाढायचं. त्या काट्यात एवढासा जरी बदल झाला, तर ह्या तिन्हींचं काय होतं, ते मला शोधायचंय."

म्हटलं, "टोक मोडलं तर कुसळ धरणार न्हाई. एवढ्यासाठी पाच वर्षं कशाला? मी आत्ताच सांगतो की!"

"नाही धरणार ते खरं, तात्या. किती नाही धरणार, ते मोजायचंय!"

\* \* \*

त्याच सुमाराला माझे सासरे वारले. माझा मेव्हणा नामदेव शेजारच्या माण गावचा. त्याच्या भातखाचरावर कंपनी उभी राहिली आणि तिच्याच गेटवर तो वॉचमन लागला. गळ्यात फोटोचं कार्ड. दिवस घातले तेव्हा त्यानं डोकं नि मिशी उतरवली आणि तेराव्यानंतर ड्यूटीवर गेला. गेटवर नवा सुपरवायझर.

"कार्ड में मूँछ है. तेरी किधर है?"

"बाप गेला माझा!"

"फोटो अलग है. अंदर नहीं जाने का."

नामदेव तापला. "आरं, तू हुबा हायेस तितं माझं इंद्रायणी भाताचं खाचर हुतं!" त्या बिचाऱ्याला खाचर काय ठाऊक? शेवटी नामदेव मागच्या जुन्या बांधावरनं आत शिरला आणि सुपरवायझरच्या पाठीमागं येऊन उभा राहिला!

मी हे सांगितलं तर सुलभा मॅडम खुर्चीतनं उठल्याच. "तात्या, हेच हो! काटे बदलले की शरीराचे पहारेकरी त्याला ओळखत नाहीत. पण आत माणूस तोच!"

"आन बांधावरनं शिरतो, ते?"

"तेसुद्धा करतो मेला!"

संध्याकाळी नामदेवला म्हटलं, "लेका, तुझ्यावर पीएचडी चाललीय."

तो म्हणाला, "लवकर उरका म्हनावं. मिशी वाढाया लागलीया."

\* \* \*

हसलो तेवढंच. मग वाईट दिवस आले.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात पुण्याच्या दवाखान्यांतनं घशाचे नवे नमुने आले. सुलभा मॅडम कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि विषाणू त्यांच्यावर सोडायच्या. तिथं तो वाढत होता, पेशी फुगून मरून बाटलीत तरंगताना दिसत होत्या. पण तेच पाणी कोंबडीच्या रक्तावर घातलं की गुंडी. पहिल्या खळग्यापासून शेवटच्या खळग्यापर्यंत नुसत्या गुंड्या! असे तीन महिने. ती पाट्या भरायची, मी पाट्या टाकायचो.

शेलार म्हणाला, "तात्या, तुमच्या कोंबड्या म्हाताऱ्या झाल्यात. रक्तात दम नाही."

सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात दुसऱ्या आणू. ह्यांचं बघू काय करायचं ते."

काय करायचं ते मला ठाऊक होतं. माझी सात नंबरची तांबडी सुई बघितली की आपणहून पंख पसरायची, तिचं काय करायचं ते! मी दाणा बदलला, पाण्यात लसूण ठेचून घातला. गुंडीच. शेवटी बायको म्हणाली, "नजर लागलीया त्यास्नी. मीठ-मिरच्या उतरवा."

उतरवल्या. खुराड्यामागं घमेल्यात निखारे केले आणि मूठभर लाल मिरच्या टाकल्या. वारा कुठला होता ते मी बघितलं नाही. खुराड्याच्या वरच लॅबची हवा आत ओढणारा पंखा होता!

पाच मिनिटांत सगळी लॅब खोकायला लागली. सर खोकत बाहेर आले, शेलार डोळे पुसत, सुलभा मॅडम तोंडाला पदर लावून. सरांचा चेहरा पांढरा पडला. "नळी फुटलीय कुठंतरी! कुणी घरी जायचं नाही. सगळ्यांच्या घशाचे नमुने घ्या!"

ऑफिसातले धरून आठ माणसांच्या घशात काड्या फिरवल्या, माझ्यासुद्धा. मिरच्यांचं सांगणार होतो, पण तोंडात काडी, बोलणार कसं? दोन दिवस सगळे वेगवेगळे बसून जेवले. रिपोर्ट आले, आठही घसे साफ. मग शेलारला घमेलं सापडलं.

सर मला घेऊन टेबलापाशी गेले. मग पेन काढून म्हणाले, "रजिस्टरमध्ये कारण काय लिहू?"

शेलार म्हणाला, "लिहा, दृष्ट. पेशंट, कोंबड्या."

\* \* \*

सरांनी वाट काढली. "सुलभा, हा विषाणू अंड्यात घाल. दोनतीन अंड्यांतनं फिरला की गोधडी देईल."

दिली! तिसऱ्या अंड्यानंतर दहाव्या खळग्यापर्यंत गोधडी! शेलारनं पेढे आणले. मी तांबडीला भिजवलेली डाळ घातली. सगळे खूश, आणि सुलभा मॅडमचा पेढा हातातच.

"काय झालं, म्याडम?"

"तात्या, हा आता तो राहिला नाही. अंड्यात जगायचं म्हणून त्यानं काटे बदलले. ज्यांच्या काट्यांना कोंबडी धरता येत होती तेच तगले, बाकीचे मेले. माणसाच्या घशातनं आला होता तो हा नव्हे. ह्याच्यावर मी काय लिहू?"

पुढं शहरातल्या मशीनवर त्याच्या जनुकांची अक्षरं वाचून आणली. खरंच एक जागा बदललेली होती.

मी आपला समजूत घालायला गेलो. म्हटलं, "व्हतंया असं. सासरी गेलेली पोर तितलं बोलणं उचलतीच की चार महिन्यांत."

ती एकदम म्हणाली, "म्हणून तर जायचं नाही मला!"

आणि पेढा परत खोक्यात ठेवला.

\* \* \*

आता माझी चूक सांगतो. हिच्यापायी मी बरीच वर्षं मान खाली घालून चाललो असतो.

मला अक्षरं येत नाहीत, म्हणून रक्ताच्या नळ्यांना मी दोरा बांधायचो. कोंबडीला तांबडा, गिनीपिगला काळा. गिनीपिगचं रक्त शेलारला वेगळ्या कामाला लागायचं. सहा वर्षांत कधी घोटाळा झाला नव्हता. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. थंड खोलीतल्या मंद दिव्यात तांबडा नि काळा दोन्ही मला सारखेच मातकट दिसायचे. कुणाला बोललो नव्हतो. बोललो तर कामावर कोण ठेवणार?

त्या दिवशी सुलभा मॅडमनी माणसाच्या घशातनं आलेला, अंडं न बघितलेला विषाणू पुन्हा एकदा लावला. खरं तर सवयीनंच; मी थंड खोलीतनं आणून दिलेल्या नळीचा दोरासुद्धा बघितला नाही. पाटी लावून ती दवाखान्यात नमुने आणायला गेली, यायला उशीर झाला. आली आणि ओरडली.

गोधडी! आठव्या खळग्यापर्यंत!

शेलार टेबलावर हात आपटत होता. सर पळत आले. सुलभा मॅडम म्हणाली, "आप्पांच्या शेजारी फोन आहे, मी आत्ता लावते." आणि निघालीच.

मी पाटीजवळ गेलो, नाक टेकेल इतका जवळ. पाटीत एक ओळ नुसत्या रक्ताची असते, विषाणूशिवाय. तिथं गुंडीच पडायला पाहिजे. पडली होती. पण मध्ये पोकळ, कडेनं गोल, बांगडीसारखी. कोंबडीचं रक्त असं बसत नाही. कोंबडीची गुंडी भरीव. बांगडी पडते गिनीपिगची.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर त्या दिवसापुरतं सगळं गोड होतं. पण ती पोर त्यावर पीएचडीचं पुस्तक लिहिणार होती.

"म्याडम, फोन लावू नका."

"का हो, तात्या?"

"माझी चूक झालीया. रक्त कोंबडीचं न्हाई. गिनीपिगचं हाय. डोळ्यांनी दिसत न्हाई मला, दोरा चुकला."

शेलारनं टेबलावरचा हात काढून घेतला. सुलभा मॅडम परत आली. तिनं पाटी बघितली, नळीचा काळा दोरा बघितला, मग मला बघितलं. मी तोंडात मारून घ्यायच्या तयारीत.

ती म्हणाली, "तात्या, उद्या पण हीच चूक करा."

आठ दिवस केली. शेजारीशेजारी दोन ओळी, एक कोंबडीची, एक गिनीपिगची. विषाणू तोच. कोंबडीला गुंडी, गिनीपिगला गोधडी. दर वेळी! कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या, विषाणूच बदलला होता. काट्याला असा काही बाक आला होता की कोंबडी सुटली, पण माणूस काही सुटला नाही. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाहेरच्या लॅबमध्ये असं दिसलंय. मी वाचलं होतं हो! वेळेवर आठवलं नाही."

शेलार म्हणाला, "बरं झालं, तात्यांनी वाचलं नव्हतं."

सरांनी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन करवून आणलं. शेलार मूठभर बाजरी घेऊन खुराड्यापाशी गेला, तांबडीची माफी मागायला. तिनं बाजरी खाल्ली आणि त्याच्या बोटाला चोच मारली!

\* \* \*

पुढची दोन वर्षं किस्सा नाही, नुसतं काम. तिनं मोजलं, मी धुतलं. कुठला विषाणू पेशीला किती धरतो, आत शिरायला किती वेळ घेतो, आत गेल्यावर किती वाढतो. एकाची पकड ढिली, दारातच रेंगाळायचा, पण एकदा आत गेला की इतरांएवढाच वाढायचा. दुसरा झटकन शिरायचा आणि आत जाऊन ढेपाळायचा. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं, माझे गुडघे गेले. आप्पांची कार्डं येत राहिली. शेवटच्या कार्डावर 'झाले का' नव्हतंच. 'दसऱ्यानंतर येतो' एवढंच.

ज्या दिवशी तिची तोंडी परीक्षा, त्याच दिवशी आप्पा आले. एसटीनं खाली उतरून टेकाडाच्या गवतातनं चढून आले. डोक्यावर पत्र्याची रिकामी ट्रंक, तिला पितळेचं नवं कुलूप. धोतर कुसळांनी भरलेलं. लेक आत गेलेली. मी त्यांना पाणी दिलं, आणि आम्ही दोघं हॉलच्या बाहेर ट्रंकेवर बसलो.

दाराच्या काचेतनं ती दिसत होती. समोर बाहेरगावचे परीक्षक, चष्मा नाकावर.

आप्पांनी विचारलं, "काय इचारायलेत तिला?"

मी त्यांच्या धोतरातलं एक कुसळ उपटलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. टोक दाखवलं. धरणं, शिरणं, वाढणं, सगळं सांगितलं. त्यांनी ते बोटांत फिरवून बघितलं.

"पाच वर्षं हेच?"

"हेच."

"मग मला सांगायचं की तिनं! आमच्याकडं काय कुसळं नाहीत व्हय?"

मग दोघं मिळून त्यांच्या धोतराची कुसळं उपटत बसलो. तेवढ्यात शेलारनं दार उघडलं. "तात्या, आत बोलावलंय."

तिनं पुस्तकात माझी चूक जशीच्या तशी लिहिली होती, दोऱ्यासकट. परीक्षकांनी पानावर बोट ठेवून मला विचारलं, "ये गलती आपने की थी?"

"व्हय, साहेब."

"पता कैसे चला?"

"बांगडी पडली, साहेब. कोंबडीची गुंडी पडती."

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं, त्याला बराच वेळ लागला. परीक्षकांनी पुस्तक मिटलं. मी बाहेर आलो.

आप्पा उठून उभे. "झाला का पास?"

"मी न्हाई, पाव्हणं! पोरगी तुमची!"

मग तीच बाहेर आली. "आप्पा, झालं."

आप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग ट्रंक पायानं तिच्याकडं सरकवली. "भर मग सामान. चारची गाडी हाय."

ती खाली बघत म्हणाली, "सर इथंच राहा म्हणालेत."

ट्रंक सगळ्यांच्या मध्ये.

आप्पा म्हणाले, "ज्याच्यापायी पाच वर्षं गेली, ते दाखव तरी."

आम्ही फ्रीजपाशी गेलो. शेलारनं कोयंड्याची बँडेजपट्टी सोडली. सुलभा मॅडमनी हातमोजे घातले आणि वाफेतनं एक नळी वर काढून धरली. आप्पा हात पाठीमागं बांधून वाकले.

"काहीच दिसंना गेलंय."

"दिसत नाही, आप्पा."

तिनं नळी परत ठेवली. शेलार पट्टी बांधायला लागला.

"आन हे असं चिंधीनं बांधून ठेवायलात तुमी?"

शेलार म्हणाला, "फॉर्म भरलाय, आप्पा. कार्यवाही चालू आहे."

आप्पा बाहेर गेले. आले तेव्हा हातात ट्रंकेचं पितळी कुलूप होतं. शेलारच्या हातातली पट्टी त्यांनी बाजूला सारली, कुलूप कोयंड्यात घातलं, दाबलं, आणि दोनदा हिसका देऊन बघितलं. करदोट्याची किल्ली सोडून लेकीच्या तळहातावर ठेवली.

"हरवू नको."

मग ट्रंक डोक्यावर घेऊन ते निघाले. मी हाक मारली, "आप्पा, जेवून तरी जावा!"

"गाडी हाय," म्हणाले.

उतार लागला तसं ट्रंकेचं झाकण वाजायला लागलं. ते रस्त्याला लागेपर्यंत वाजत होतं.